गोळी स्वस्त पडते, वाट महाग पडते

टेनोफोव्हिर नावाचं एक औषध आहे. एचआयव्हीची लागण झालेला माणूस ते रोज घेतो, आयुष्यभर. लागण झाली असेल अशी धास्ती असलेला माणूस ते २८ दिवस घेतो. आणि ज्याला लागण झालेली नाही, पण होण्याची शक्यता मोठी आहे, तो ते आधीपासूनच घेतो. जोडीची औषधं बदलतात, पण टेनोफोव्हिर तिन्हीकडे असतं. खरा फरक वेळेचा. लागण झाल्यावरच्या उपचाराला एआरटी म्हणतात, धोका घडल्यानंतरच्या उपायाला पेप आणि धोका घडण्याआधीच्या उपायाला प्रेप.

यातला एआरटी हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. पेप दवाखान्यात काम करणाऱ्यांना ठाऊक असतं, कारण सुई टोचली की त्यांना तेच घ्यावं लागतं. प्रेप मात्र ज्यांच्या सर्वांत उपयोगाचं, त्यांच्यापर्यंतच पोचलेलं नसतं. पैसे घेऊन पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष हे त्यातलेच. ही गोळी काय करते आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या अशा माणसाला ती हातात पडायची तर काय काय ओलांडावं लागतं, ते एकेक पायरी चढत पाहू.

गोळी काय करते

एचआयव्हीचा विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. तो आपल्या रक्तातल्या पेशीत शिरतो आणि स्वतःजवळच्या आरएनएची डीएनएत नक्कल करून घेतो. ही नक्कल पेशीच्या मूळ डीएनएत मिसळली की विषाणू कायमचा बिऱ्हाड करतो. नक्कल म्हणजे एकापुढे एक कडी जोडत केलेली लांब साखळी. प्रेपच्या गोळीतली टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं पेशीत जाऊन अशा कड्यांचं सोंग घेतात. विषाणू फसतो, ती कडी साखळीत जोडतो. पण तिला पुढचा आकडाच नसतो. साखळी तिथंच खुंटते. विषाणू पेशीत शिरलेला असला तरी त्याला मूळ धरता येत नाही.

यासाठी औषध पेशीत आधीपासून हजर हवं. रोज एक गोळी घेणाऱ्या पुरुषाला पुरेसं संरक्षण मिळायला साधारण आठवडा लागतो. दुसरी पद्धत आहे ती प्रसंगापुरती घेण्याची: संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, पहिल्या डोसानंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक. तिला २-१-१ म्हणतात. पुरुषांसाठी ती चालते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. स्त्रियांसाठी ती नाही, आणि हेपटायटिस बी असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारायला हवं.

गोळी चालते का? सहा देशांतल्या २,४९९ जणांवर केलेल्या आयप्रेक्स या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, त्यात संसर्ग ४४ टक्क्यांनी घटलेला दिसला. आकडा बेताचाच वाटतो. पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांच्यात संरक्षण ९० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे औषधात खोट नव्हती. बाटली घरी नेणं वेगळं, गोळी पोटात जाणं वेगळं. अमेरिकेनं २०१२ मध्ये या वापराला मान्यता दिली. मोठा धोका असलेल्या सगळ्यांना प्रेप द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. आणि जगभर जाणाऱ्या स्वस्त गोळ्यांचा मोठा वाटा भारतीय कंपन्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडतो.

प्रेप सिफिलिस किंवा गनोरिया अडवत नाही. त्यासाठी कंडोम लागतोच. पण कंडोम वापरायचा की नाही, हे दोघांच्या संमतीवर ठरतं आणि पैसे देणारा पुष्कळदा "जास्त देतो, नको" म्हणतो. गोळी घेण्यासाठी गिऱ्हाइकाची परवानगी लागत नाही. देहविक्री करणाऱ्या माणसासाठी तिचं मोल इथं आहे.

कोणाच्या रकान्यात?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास. सोयाबीन, हळद, कापूस. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं, वर्षभर पुण्या-मुंबईकडे जाणारी तरुण पोरं.

समजा, सेनगाव तालुक्यातला एक पंचविशीतला तरुण आहे. गावात तो शेतमजूर, तालुक्याला कधी हॉटेलात कामाला, पुण्याला गेला की मालिश करणारा. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपवरून ओळख होते, लॉजवर भेट होते, पैसे मिळतात. घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं आहे. त्याला विचारा, "तू सेक्स वर्कर आहेस का?" तो नाही म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. त्याच्या लेखी ते काम नाही, अडीनडीला केलेला उद्योग आहे. "तू समलिंगी आहेस का?" त्यालाही तो नाहीच म्हणेल. शहरातल्या संस्थांमध्ये पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी कोथी, पंथी असे शब्द चालतात. ते त्याच्या कानावरून गेलेही असतील, पण त्यातला एकही त्यानं स्वतःला लावून पाहिलेला नाही.

आता सरकारी कार्यक्रमाकडे बघा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको, तिच्याखाली राज्याची संस्था, आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणारे 'लक्ष्यगट हस्तक्षेप' प्रकल्प, ज्यांना कार्यकर्ते नुसतं टीआय म्हणतात. या प्रकल्पांचे लक्ष्यगट ठरलेले आहेत: देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईनं नशा करणारे, शिवाय ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर. देहविक्री करणाऱ्या पुरुषाला स्वतंत्र रकाना नाही. तो 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' यात मोजला जातो, आणि तिथं मोजला जायचा तर त्यानं आधी तसं मान्य करायला हवं.

आकडे बघितले तर हा रकाना किती महत्त्वाचा, ते कळतं. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये ते २ टक्क्यांच्या आत, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ३ टक्क्यांच्या वर होतं. त्याला शारीरिक कारण आहे: गुदमार्गाचं अस्तर पातळ आणि नाजूक असतं, विषाणूला तिथून वाट सहज मिळते. त्यात पैशासाठी जोडीदार वाढले आणि नाही म्हणायची ताकद कमी झाली, की धोका आणखी चढतो.

प्रकल्पाची रचना जागेवर बेतलेली आहे. बस स्टँड, बाग, रेल्वे स्टेशन, महामार्गावरचा ढाबा अशा 'हॉटस्पॉट'वर त्याच समाजातला एक पीअर एज्युकेटर जातो, साधारण ६० जणांची यादी सांभाळतो, कंडोम देतो, तपासणीला घेऊन जातो. मोठ्या शहरात ही रचना कामी आली. पण हिंगोलीत असा पुरुष एका जागी सापडतोच कुठं? त्याचा हॉटस्पॉट त्याच्या खिशातला फोन आहे. यादी तयार व्हायला निदान काहीशे माणसं दिसावी लागतात. माणसं दिसत नाहीत म्हणून प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही म्हणून माणसं दिसत नाहीत. बाकी सगळ्या अडचणींचं मूळ इथं आहे.

तपासणीची खिडकी

तरीही समजू, त्यानं कुठल्याशा व्हिडिओत प्रेप हा शब्द ऐकला आणि त्याला गोळी घ्यायची आहे. पहिली पायरी एचआयव्हीची तपासणी. ती टाळता येत नाही. लागण आधीच झालेली असेल, तर प्रेपमधली दोन औषधं तिला पुरी पडत नाहीत. उलट विषाणू त्या औषधांना सरावतो आणि पुढचा उपचार अवघड होतो.

ही तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात होते. फुकट असते, समुपदेशक आधी बोलतो, नंतर बोलतो, आणि अहवाल तिऱ्हाइताला सांगत नाही. कायद्याचंही पाठबळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले आणि चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, अहवाल उघड करता येत नाही, आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल असतो.

पण अडथळा अहवालाच्या आधी येतो. लहान जिल्ह्यात केसपेपर काढायच्या रांगेत गावचा कोणी ना कोणी उभा असतो. शिपाई भावकीतला निघतो, प्रयोगशाळेतली ताई मावशीच्या गावची निघते. कोणत्या खोलीबाहेर बसलात यावरून लोक रोग ओळखतात. कायदा कागदाची गुप्तता राखतो. बाकड्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा त्याला झाकता येत नाही. म्हणून सेनगावचा माणूस हिंगोलीला न जाता नांदेड किंवा परभणी गाठतो. त्यात एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं.

समुपदेशकाशी बोलताना पुढची अडचण उभी राहते. "बाहेर संबंध आहेत का?" या प्रश्नाला तो हो म्हणतो. समोरच्यानं "किती बायकांशी?" असं विचारलं की तो सरळ बायकांचाच आकडा सांगतो. समुपदेशक वाईट नसतो. प्रश्नच तसा घडलेला असतो. "जोडीदार पुरुष होते, स्त्रिया होत्या, की दोन्ही?" एवढाच बदल केला तरी उत्तर बदलतं.

एचआयव्हीखेरीज आणखी तीन तपासण्या लागतात. क्रिएटिनिन, कारण टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर ताण देऊ शकतं. हेपटायटिस बी, कारण ही औषधं त्या विषाणूवरही चालतात आणि एकदम बंद केली तर यकृताला सूज येऊ शकते. आणि सिफिलिस. या सगळ्या एकाच खोलीत होतील याची खात्री नसते. आज रक्त इथं, उद्या तिथं, अहवाल परवा. प्रत्येक फेरीत कोणीतरी विचारणार, "हे कशासाठी?"

गोळी देणार कोण?

एआरटीची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. लागण झालेल्याला देशात कुठंही ती मिळते, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचं मोठं काम आहे. प्रेपचं तसं नाही. ती जिल्ह्याजिल्ह्यातल्या सरकारी खिडकीवर सर्रास मिळत नाही. बहुतेकांना ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर, पदरच्या पैशानं, औषधाच्या दुकानातून घ्यावी लागते. लागण झाली तर औषध फुकट, लागण होऊ नये म्हणून मात्र स्वतःच्या खिशातून, असा हा उलटा हिशेब आहे. आणि महिन्याच्या बाटलीपेक्षा ती मिळवण्याच्या खेपाच त्याला जास्त महाग पडतात.

शिवाय चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर हवा. पुण्या-मुंबईत असे डॉक्टर शोधले की सापडतात. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी काम करत आहे, पुण्यात समपथिक ट्रस्टनं २००२ मध्ये तसंच काम सुरू केलं. कोणाकडे जायचं ते अशा संस्थेत विचारता येतं. तालुक्याच्या डॉक्टरला मात्र प्रेप लिहिण्याचा प्रसंगच आलेला नसतो. तो म्हणतो, "तुला झालंय का? नाही ना? मग कशाला?" कधी उपदेश करतो, "लग्न कर, सगळं ठीक होईल." लग्नानं धोका संपत नाही, तो आणखी एका माणसापर्यंत पोचतो, हे त्याला सांगायचं कोणी?

चिठ्ठी मिळाली तरी दुकानात गोळी नसते. "मागवावी लागेल, दोन दिवसांनी या. नाव काय, कोणासाठी?" व्हिडिओ कॉलवरून डॉक्टर गाठून औषध मागवता येतं, पण कुरिअरवाला गावात येतो तो पारावरून फोन लावतो. पाकिटात काय आहे, हे विचारायला चार जण तयारच असतात.

घरातली बाटली

सगळं पार करून गोळी घरी आली. आता ती ठेवायची कुठं? दोन खोल्यांच्या घरात आईवडील, भाऊ, वहिनी, पोरं. बाटलीवरचं टेनोफोव्हिर हे नाव कोणी नेटवर शोधलं, तर पहिलं उत्तर येतं ते एचआयव्हीच्या उपचाराचं. म्हणजे जो रोग टाळण्यासाठी गोळी आहे, त्याच रोगाचा शिक्का ती मारते. म्हणून काहीजण गोळ्या दुसऱ्या डबीत भरतात, काही मित्राकडे ठेवतात. मित्र गावाला गेला की दोन दिवस खाडा.

पहिल्या काही आठवड्यांत काहींना मळमळ होते, डोकं दुखतं. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. पण हे आधी कोणी सांगितलेलं नसेल, तर माणूस तिसऱ्या दिवशी गोळी सोडतो. "उपाशीपोटी घेऊ नको, जेवणानंतर घे, दोन-तीन आठवडे धीर धर" एवढं सांगायला पीअर एज्युकेटर हवा, आणि तो इथं नाही.

२-१-१ची पद्धत अशा वेळी सोयीची वाटते, पण तिच्यासाठी निदान दोन तास आधी कळायला हवं. गिऱ्हाइकाचा मेसेज येतो, "पंधरा मिनिटांत ये." ज्याची भेट ठरवून होते त्याला ही पद्धत चालते, ज्याला बोलावणं येईल तसं जावं लागतं, त्याला रोजचीच गोळी बरी.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर तो कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावर किंवा चाकणच्या एखाद्या शेडवर असतो. आधीचा कागद हिंगोलीत, माणूस तिकडे. नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगायचं. गळती इथं सर्वांत जास्त होते, आणि दोष मात्र त्याच्या आळसाला देतात.

पोलीस आणि कायदा

देहविक्रीविषयीचा १९५६ चा पिटा कायदा सज्ञान माणसानं खाजगीत केलेल्या देहविक्रीला थेट गुन्हा म्हणत नाही; कुंटणखाना चालवणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं याला म्हणतो. त्याच्या आठव्या कलमात पुरुषासाठी वेगळी ओळ आहे: गिऱ्हाईक बोलावणारा पुरुष असेल तर किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन महिने कैद. स्टँडवर अडवलेल्या तरुणाच्या बॅगेत कंडोम आणि गोळ्यांची बाटली सापडली तर काय होईल, या भीतीनं तो दोन्ही घरी ठेवतो. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की देहविक्री करणारी व्यक्ती स्वतःच्या आरोग्यासाठी जी साधनं वापरते, ती गुन्ह्याचा पुरावा धरू नयेत. २०१७ चा कायदाही धोका कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण देतो. पण रात्री अकरा वाजता स्टँडवर हा आदेश शिपायाला वाचून कोण दाखवणार?

जिथं जमलं, तिथं काय केलं

कोलकात्याची दुर्बार आणि म्हैसूरची अशोदया समिती या देहविक्री करणाऱ्यांनी स्वतः चालवलेल्या संस्था. २०१६ च्या सुमारास त्यांनी प्रेपचा प्रयोग सुरू केला. दोन्हीकडे मिळून तेराशेच्या आसपास स्त्रिया सामील झाल्या, गोळी नेमानं घेतली गेली आणि प्रयोगाच्या काळात एकीलाही नवी लागण झाली नाही. किल्ली अशी: गोळी आणण्याआधी संस्थेनं आपल्या माणसांशी महिनोन्‌महिने बोलणी केली, दवाखाना आपल्याच जागेत ठेवला, आठवण करून द्यायला आपल्यातलीच बाई पाठवली. अशोदयात पुरुष आणि तृतीयपंथी सदस्यही आहेत. त्या प्रयोगात मात्र बायकाच होत्या.

महाराष्ट्रात सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या संग्रामच्या परिवारात 'मुस्कान' ही देहविक्री करणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथींची संघटना उभी राहिली. असा रकाना तयार करता येतो, याचा तो मराठी मुलखातला दाखला आहे. सांगलीत जे झालं ते हिंगोलीत जसंच्या तसं होणार नाही, कारण इथं माणसं विखुरलेली आहेत. पण त्यातली मूळ गोष्ट उचलता येते: गोळी खिडकीत ठेवून माणसाची वाट पाहण्यापेक्षा विश्वासातल्या माणसाच्या हातून ती पाठवणं.

आणखी एक बदल दारात उभा आहे. वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविर हे इंजेक्शन अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजूर झालं आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली. त्याचं स्वस्त रूप बनवण्याचे परवाने मिळालेल्यांत पुण्याच्या एमक्युअरसह काही भारतीय कंपन्या आहेत. इंजेक्शन घेतलं की घरात बाटली नाही, कुरिअर नाही, खाडा नाही. सुगीला गावी येतानाच्या दोन खेपा पुरतात. मात्र रकान्याचा, खिडकीचा आणि "किती बायकांशी?" या प्रश्नाचा अडथळा इंजेक्शननंही हटत नाही.

आज काय करता येईल

ज्याला हे लागू पडतं, त्याच्यासाठी चार गोष्टी. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे. जवळचं तपासणी केंद्र कुठलं, ते फोनवर विचारता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. तपासणी आपल्याच तालुक्यात करायला हवी असं नाही, कोणत्याही जिल्ह्यातल्या केंद्रात ती होते. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत पेप सुरू करावं लागतं. जितकं लवकर तितकं बरं, म्हणून सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावं. आणि प्रेप चालू असेल तर ते डॉक्टरला न विचारता मध्येच सोडू नये.

समुपदेशक, डॉक्टर, दुकानदार यांच्यासाठी एकच गोष्ट, आणि तिला निधी लागत नाही. "कशासाठी हवी?" असं विचारण्याऐवजी "किती महिन्यांची देऊ?" असं विचारायचं. सेनगावहून निघालेल्या त्या तरुणाला एवढ्या वाटेवर कोणीतरी असं विचारलं, तर तीन महिन्यांनी तो पुन्हा त्याच खिडकीवर उभा दिसेल.